धुळ्याचं घुळे कसं होतं?

फ्लेक्सच्या दुकानात कामाला लागून मला जेमतेम दोन महिने झाले होते. वीस बाय आठ फुटांचा एका कार्यक्रमाचा बॅनर आला. मॅटरमधला सगळ्यात मोठा शब्द होता 'खानदेश'. मी बोरूने लिहिल्यासारखा दिसणारा जुन्या वळणाचा फॉन्ट घेतला, आडवी जागा रिकामी दिसत होती म्हणून बाजूचा हँडल धरून शब्द ताणला, वरून आउटलाइन चढवली आणि मशीनवर सोडून दिला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दुकानात आलं. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "हाई रवानदेश कोठे शे भो?"

त्या फॉन्टमधला ख जुना होता. म्हणजे र आणि व नुसते शेजारी उभे, खाली न जोडलेले. मी शब्द ताणल्यावर त्यांच्यामधली फट रुंदावली आणि एका अक्षराची दोन झाली. 'खाना' लिहिलं की 'रवाना' वाचलं जातं, हा घोटाळा जुनाच. लिपीसुधारणेत र चा पाय व ला जोडायचं ठरलं ते त्याच्यासाठीच. मला ते शाळेत शिकवलंही होतं. पण माउस हातात आल्यावर शाळा कुणाला आठवते!

त्या दिवसापासून जाड आणि रुंद अक्षरांकडे मी जरा संशयाने बघायला लागलो.

पेपरमधली बातमी आणि त्याच बातमीचा मथळा शेजारी ठेवून बघा. बातमीचं अक्षर शेकडो ओळी वाचायला असतं. ते डोळ्यांत भरता कामा नये. मथळ्याचं अक्षर चार शब्दांपुरतं असतं आणि त्याने लांबून हाक मारायची असते. या दुसऱ्या जातीला डिस्प्ले टाइप म्हणतात. ही जात जन्माला आली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लंडनमध्ये. तोवर छापील अक्षर म्हणजे पुस्तकाचं अक्षर. मग व्यापार वाढला, भिंतींवर जाहिराती चिकटायला लागल्या आणि ठसे पाडणाऱ्यांनी पुस्तकी अक्षरालाच खाऊपिऊ घालून लठ्ठ केलं. त्याला नावही 'फॅट फेस' असंच पडलं. मोठा ठसा शिशाचा केला तर जड आणि महाग पडतो, म्हणून १८२७ च्या सुमारास अमेरिकेत डॅरियस वेल्स याने लाकडी ठसे यंत्राने कोरायला सुरुवात केली. लाकूड मिळाल्यावर अक्षर हवं तेवढं रुंद करायला कुणी अडवणारं उरलं नाही.

जाडी आणि रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोंधळ बहुतेक इथेच होतो. जाडी म्हणजे रेघ किती भरीव आहे. तिला टाइपवाले वजन म्हणतात. साधं अक्षर ४००, बोल्ड ७००, ब्लॅक ९००, अशी मापं कॉम्प्युटरवर रूढ आहेत. रुंदी म्हणजे अक्षर आडवं किती जागा घेतं. बारीक पण रुंद अक्षर असू शकतं, जाड पण चिंचोळंही असू शकतं. आद्रियाँ फ्रुटिगर यांनी १९५७ मध्ये 'युनिव्हर्स' हा टाइपफेस काढला तेव्हा प्रत्येक प्रकाराला दोन आकडी नंबर दिला, त्यात पहिला आकडा वजनाचा. एका घरातली भावंडं, कुणी सडपातळ, कुणी रुंद खांद्याचं, पण चेहरा एकच. पुढे १९६२ मध्ये इटलीत आल्डो नोव्हारेसे यांचा 'युरोस्टाइल' आला. त्याचा रुंद बोल्ड प्रकार आजही मोटारी, घड्याळं आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या नावांना चुलत्यासारखा कुठेतरी लागतोच. रुंद अक्षर पाया पसरून बसतं, त्यामुळे ते भक्कम, बिनघाईचं वाटतं. पैलवान आखाड्यात पाय फाकवून उभा राहतो तसं.

हे सगळं रोमन लिपीचं झालं. देवनागरीत हाच पैलवान आणला की काय होतं, ते बघायला आपल्या खानदेशातल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांची आणि तिथल्या गावांची नावं पुरेशी आहेत.

'धुळे' घ्या. ध आणि घ यांच्यात फरक काय? ध च्या डोक्यावर डावीकडे शिरोरेखा तुटलेली असते. घ च्या डोक्यावर ती सलग जाते. फरक त्या एका फटीचा. आता शब्दाला आउटलाइन लावून जाड करा. आउटलाइन कडेच्या दोन्ही बाजूंना वाढते, निम्मी आत, निम्मी बाहेर. ४ मिलिमीटरची लावली तर बाहेर २ आली. पण फटीला दोन कडा असतात, दोन्हीकडून २-२ आत सरकले आणि फट ४ मिलिमीटरने कमी झाली. फटच मुळात ४ ची असेल तर ती मिटली. झालं, धुळ्याचं घुळे. 'भुसावळ'चंही तसंच. भ आणि म मध्येही तीच फट. ती मिटली की जंक्शनचं 'मुसावळ' होतं. तिथे राहणारा माणूस चटकन दुरुस्त करून वाचतो, कारण त्याला नाव आधीच ठाऊक असतं. पहिल्यांदा आलेला बाहेरगावचा माणूस अडखळतो. आणि बोर्ड कुणासाठी असतो? त्याच्याचसाठी ना?

म्हणून टाइप काढणारे लोक अक्षराच्या आतल्या आणि मधल्या पांढऱ्या जागेवर जीव टाकतात. घ, ध, ष, ब यांच्या आतल्या पोकळीला मी आपलं पोट म्हणतो. जाडी वाढवताना पोट बुजू द्यायचं नसतं. त्यासाठी खरा बोल्ड फॉन्ट काढताना रेघ बाहेरच्या बाजूला जास्त वाढवतात, आत कमी. जिथे दोन रेघा मिळतात तिथे थोडी खरवडतात. ध ची फट तर मुद्दाम मोठी करतात. आउटलाइनला यातलं काहीच कळत नाही. ती सगळीकडे सारखीच चढते, पोळ्याच्या बैलाला गेरू फासावा तशी.

ताणण्याचं गणितही असंच सरळ आहे. समजा अक्षराचा दांडा, म्हणजे उभी रेघ, १० मिलिमीटर जाड आहे आणि शिरोरेखाही १० च आहे. शब्द आडवा दीडपट ताणला. दांडा १५ चा झाला, शिरोरेखा १० चीच राहिली. उभ्या रेघा सुजल्या, आडव्या तशाच. गोलाईत तर प्रत्येक ठिकाणी जाडी वेगळी होते. खरं रुंद अक्षर काढताना दांडा जवळपास तेवढाच ठेवतात आणि वाढीव रुंदी पोटात घालतात. ताणलेला फॉन्ट ओळखायची सोपी खूण म्हणजे अनुस्वार. 'नंदुरबार' लिहिलेला बोर्ड दिसला की न च्या डोक्यावरचा टिंब बघा. इतर वळण गोलाईचं असताना टिंब अंड्यासारखा आडवा दिसला, तर कुणीतरी हँडल ओढलाय. एकदा ही खूण कळली की रस्त्याने सरळ चालणं अवघड होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

आता या विषयातली सगळ्यात न पटणारी गोष्ट. रुंद केल्याने अक्षराला श्वास मिळतो असं आपल्याला वाटतं. रोमनमध्ये ते बरंचसं खरं आहे. देवनागरीत गर्दी आडवी कमी आणि उभी जास्त असते. आपलं अक्षर तीन मजली. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, वरच्या मजल्यावर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, तळघरात उकार. 'जळगाव' लिहून बघा: ज, ळ, गा, व. चारही अक्षरं मधल्या मजल्यावर. वर काही नाही, खाली काही नाही. शिवाय ळ जात्याच रुंद, दोन गोळे शेजारी शेजारी ठेवलेला. जाड-रुंद अक्षरात लिहायला याच्याहून सोयीचं जिल्ह्याचं नाव महाराष्ट्रात शोधावं लागेल. 'धुळे' दोनच अक्षरांचं, पण ध ला तळघरात उकार आणि ळ ला माडीवर मात्रा. तिन्ही मजले भरले. 'नंदुरबार'मध्ये वर अनुस्वार, खाली उकार. म्हणजे एकाच उंचीच्या पट्टीत तीन नावं बसवायची तर जळगावची मूळ अक्षरं मोठी येतील आणि धुळ्याची लहान. तीन जिल्ह्यांचा एकत्र बॅनर करताना 'धुळेच लहान का?' म्हणून भांडण होतं ते यामुळे. त्यात आमचा काही प्रांतवाद नसतो!

मधल्या मजल्यातही गर्दी असते. 'इ' बघा. वरून खाली एक उभी रेघ मारली तर ती ढोबळमानाने चार काळ्या पट्ट्यांतून जाते: शिरोरेखा, दोन वळणं आणि शेपूट. अक्षराची उंची १० भाग धरा. प्रत्येक पट्टा २ भागांचा केला तर ८ भाग काळ्यात गेले. उरले २, आणि त्यांत मधल्या तीन फटी बसवायच्या. फटीला एक भागही मिळत नाही. आता हे अक्षर हवं तेवढं रुंद करा, वाटल्यास दुप्पट. उभ्या हिशेबात कणभर फरक पडणार नाही. तेच 'न'मध्ये उभ्या हिशेबात काळे पट्टे दोनच, म्हणजे १० पैकी ६ भाग मोकळे. ह, झ, छ, ढ आणि 'राष्ट्र'मधला ष्ट्र ही सगळी इ च्या बाजूची मंडळी. त्यामुळे जाड देवनागरीत वजन मापून नाही, मानून द्यावं लागतं. इ च्या आतल्या रेघा बारीक करायच्या, न च्या जाड ठेवायच्या, आणि डोळ्याला मात्र दोन्ही सारख्या वाटल्या पाहिजेत. घरात सहा माणसं आणि चारच भाकरी असल्या की आई जशी वाढते, तसं.

रुंदीचा त्रास दुसऱ्या टोकालाही आहे. काही अक्षरांना रुंदी पचतच नाही. क ला दोन्ही बाजूंना अंग आहे, तो खुशाल पसरतो. र ला काय पसरवणार? आणि काना म्हणजे तर नुसता दांडा. 'रावेर' हा शब्द रुंद फॉन्टमध्ये लिहा: दोन र, एक काना, एकटा व. र ताणला की खालच्या तिरक्या पायाजवळ मोठा खड्डा पडतो, नाही ताणला तर शेजारचा वे त्याच्यापुढे दांडगा दिसतो. केळीच्या ट्रकवर मागे 'रावेर' लिहिणारे पेंटर हे हाताने सांभाळून घेतात. र चा पाय थोडा पुढे काढतात, व चं पोट थोडं आवरतात. त्यांना कुणी टायपोग्राफी शिकवलेली नसते. दोरीला खडू लावून आधी शिरोरेखेची आणि तळाची ओळ मारायची, मग अक्षरं बोटांनी मोजून जागा वाटायची, आणि तेव्हाच ब्रश उचलायचा. वाटणी आधी, रंग नंतर. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी हाताने रेखाटलेली नावं काढून बघा. प्रत्येक नावाला त्याच्यापुरतंच वळण आहे. फॉन्ट हे करू शकत नाही, कारण त्याला पुढचा शब्द कुठला येणार हे माहीत नसतं.

मग रुंद अक्षर वापरायचं कुठे? बोर्डाच्या हिशेबाने सांगतो. १० फुटी बोर्ड, म्हणजे १२० इंच. दोन्ही कडांना ८-८ इंच सोडले, उरले १०४. नाव आहे 'श्री गुरुदत्त कृषी सेवा केंद्र'. अक्षरं ११, आणि शब्दांमधल्या चार जागा अर्ध्या अक्षराच्या धरल्या तर आणखी २. एकूण १३. १०४ भागिले १३, प्रत्येक अक्षराला ८ इंच रुंदी. फॉन्ट रुंद असेल, उंचीच्या सव्वापट रुंदीचा, तर अक्षराची उंची साडेसहा इंचाच्या आत राहील. चिंचोळा घेतला, उंचीच्या ०.६ पट रुंदीचा, तर उंची १३ इंचांवर जाईल. बोर्डवाल्यांचा ढोबळ अंदाज असा की १ इंच उंचीचं अक्षर १० फुटांवरून आरामात वाचता येतं. म्हणजे रुंद अक्षर साधारण ६० फुटांवरून, चिंचोळं १३० फुटांवरून. महामार्गावर ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास ५५ फूट कापते. सुरतेकडून नागपूरकडे निघालेल्या ड्रायव्हरला रुंद अक्षरातला हा बोर्ड वाचायला एक सेकंद मिळणार. एका सेकंदात 'श्री गुरु' होतं. दत्त मागे राहतात.

त्यामुळे लांबलचक नाव रुंद अक्षरात लिहिण्याला माझा विरोध आहे, आणि त्यासाठी मी गिऱ्हाइकांशी भांडलो आहे. रुंद अक्षर दोन ते चार अक्षरांच्या शब्दाला द्यावं. 'गुरुदत्त' एवढंच मोठं आणि रुंद, बाकीचं खाली चिंचोळ्या साध्या अक्षरात. सगळंच ओरडायला लागलं तर आठवडे बाजारात हरवलेल्या पोराला हाक मारल्यासारखं होतं; आवाज सगळ्यांचा, ऐकू कुणाचंच नाही.

पाट्यांच्या कायद्याचा एक गुंता इथे येतो. २०२२ च्या दुरुस्तीपासून राज्यातल्या सगळ्या दुकानांच्या पाट्यांवर मराठी देवनागरी हवी आणि तिचं अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान नको. हेतू उत्तम. पण कॉम्प्युटरवर दोन्हींना तोच पॉइंट साइज दिला की काम झालं असं समजू नका. त्या साइजमध्ये देवनागरीचे तिन्ही मजले धरलेले असतात, त्यामुळे मूळ अक्षर इंग्रजी कॅपिटलपेक्षा लहान दिसतं. मी शिरोरेखेपासून तळापर्यंतची उंची मोजतो आणि ती इंग्रजी कॅपिटलएवढी करतो. मात्रा आणि उकार वरखाली वेगळे.

रोमन डिस्प्ले अक्षरांत दोन अक्षरांमधलं अंतर वाढवून ऐसपैस दिसणं आणता येतं. आपल्याकडे ते केलं की शिरोरेखा तुटते आणि शब्द विखुरतो. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये तर आणखी गंमत. तिथे काना-मात्रा सुट्या ठशांसारख्या असतात, अंतर वाढवलं की मात्रा आपल्या अक्षराला सोडून शेजाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते. शिरोरेखाच काढून टाकली तर? नवापूरला जाऊन बघा. तिथलं रेल्वे स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. गावात देवनागरी आणि गुजराती पाट्या शेजारी शेजारी दिसतात. गुजरातीला शिरोरेखा नाही, म्हणजे उभ्या हिशेबातला एक काळा पट्टा आपोआप कमी, आणि जाड करायला तेवढी जागा जास्त. गुजराती जाड अक्षर मोकळं दिसतं ते त्यामुळे. देवनागरीची शिरोरेखा काढायचा मोह नवापुरात तरी आवरावा. वाचणारा गुजराती समजून वाचायला लागतो आणि मध्येच अडकतो.

आता तयार फॉन्टबद्दल थोडं. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट काढणाऱ्या मंडळींचा 'मोदक' हा देवनागरीतला बहुधा सगळ्यात गुबगुबीत फॉन्ट. त्यात पोटाच्या जागी केसाएवढ्या चिरा ठेवल्या आहेत, आणि त्या हाताने कोरल्यासारख्या प्रत्येक अक्षरात वेगळ्या आहेत. मोठ्या आकारात मजा येते. व्हिजिटिंग कार्डावर वापरला तर चिरा बुजतात आणि काळे लाडू उरतात. त्यांचाच 'बालू' जरा कमी जाड, म्हणून रोजच्या कामाला बरा. 'रोझा वन' हा इंडियन टाइप फाउंड्रीचा, वर सांगितलेल्या फॅट फेसच्या वळणाचा: जाड भाग फार जाड, बारीक भाग फार बारीक. लग्नपत्रिकेला शोभतो, महामार्गाला नाही. रुंदी हवी असेल तर २०२२ मध्ये आलेला 'अनेक' बघा. तो व्हेरिएबल फॉन्ट आहे, म्हणजे एकाच फाइलमध्ये वजन १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ टक्के पट्टी सरकवून बदलता येते. हँडल ओढण्याची सोय तीच, पण इथे मधली प्रत्येक पायरी काढणाऱ्याने आधी विचार करून ठेवली आहे, दांडा सुजत नाही. त्यात गुजरातीही आहे, नवापूरवाल्यांची सोय झाली. हे चारही गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. मात्र ल आणि श कुठल्या वळणाचे आहेत ते तपासा. बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण येतं, आणि मराठी ल ला त्याच्या दोन पाकळ्यांमुळे जास्त रुंदी लागते. नंतर बदलला की ओळ हलते.

मशीनवर सोडण्याआधी मी दोन गोष्टी करतो. डिझाइनचा फोटो मोबाइलवर घेतो आणि तो स्टँपएवढा करून बघतो. ध, भ, ख वाचता आले तर ठीक. आणि अक्षर रात्री उजळणार का, हे विचारतो. एलईडीचा उजेड कडेच्या बाहेर सांडतो, फटी त्याने भरून जातात. म्हणून दिव्याच्या अक्षराला दिवसाच्या बोर्डापेक्षा एक पायरी कमी वजन देतो. उन्हातल्या फ्लेक्सवर पिवळा आणि मजेंटा आधी उडतात. जळगावच्या मे महिन्यात ४५ अंशांत लाल अक्षर पिवळ्यावर किती दिवस टिकणार? काळं टिकतं.

आप्पा नंतरही येत राहिले. एकदा त्यांच्या दुकानाचा बोर्ड होता, आणि चार वेळा तेच, "अजून जाड कर." चौथ्या वेळी मी वजन उलट एक पायरी कमी केलं, शब्दाभोवतीची नक्षी, फुलं आणि दोन फोटो काढून टाकले, मागे सपाट पिवळा ठेवला. आप्पांनी डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, "हां, आता झालं जाड. आधीच करायचं ना!"